आहे त्याच विंडोजकडून जास्त काम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ ला आलेली ही प्रणाली घरांत, दुकानांत, शाळांत आणि छापखान्यांत अजून चालते आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पुष्कळ धडधाकट यंत्रे या बदलाच्या अलीकडेच राहिली. नवे घेणे परवडत नाही आणि जुने टाकवत नाही, अशा वेळी आहे त्या कॉम्प्युटरकडून जास्तीत जास्त काम कसे करून घ्यावे, हे लोक पूर्वीपेक्षा अधिक कळकळीने विचारू लागले आहेत.

सल्ले भरपूर मिळतात. दुकानदार देतो, कार्यालयातला जाणकार सहकारी देतो, भाचा देतो, व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात. ते एकत्र ठेवून पाहिले की एक विषम वाटणी दिसते. सर्वाधिक सल्ले वेग वाढवण्याचे असतात आणि त्यांतूनच सर्वांत कमी हाती लागते. मराठीत नीट लिहिता यावे, लिहिलेले सापडावे आणि सापडलेले उद्याही शाबूत असावे, या तीन गोष्टींबद्दल कोणी फारसे सांगत नाही. रोज मराठीत काम करणाऱ्या माणसाचा खरा फायदा तिथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी वेगाचे पाहू. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ या तक्रारीवर ‘फॉरमॅट मारून घ्या’ हे उत्तर सर्रास दिले जाते. फॉरमॅटनंतर काही आठवडे यंत्र हलके वाटते हे खरे. त्याचे कारण बहुधा एवढेच असते की विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे दहा-पंधरा प्रोग्रॅम त्या दिवशी गेलेले असतात. प्रिंटरचा मदतनीस, दोन-तीन चॅटची ॲप, खेळांचे लाँचर, चाचणी मुदत संपलेले अँटिव्हायरस हे सगळे हळूहळू परत येतात आणि तक्रारही परत येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप’च्या यादीत कोणता प्रोग्रॅम सुरुवातीला किती भार टाकतो तेही लिहिलेले असते. नको ते तिथे ‘डिसेबल’ करावे. प्रोग्रॅम यंत्रावर राहतो, फक्त न बोलावता येत नाही. यासाठी फॉरमॅटची गरज नसते. खोलात जायचे असेल तर ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आहे. १९९६ साली मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स संचातले ते साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. म्हणून रोज रात्री बंद केलेल्या यंत्रातही गेल्या महिन्यातला बिघाड टिकून राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने सुरू करते. वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर ओळखत नाही, आवाज गेला, अशा तक्रारींवर बंद-चालू करून उपयोग झाला नसेल तरी रीस्टार्टने होतो, तो या कारणाने.

रॅम ‘मोकळी’ करणारी आणि रजिस्ट्री ‘साफ’ करणारी ॲप सरळ काढून टाकावीत. मोकळी रॅम निरुपयोगी असते. विंडोज ती वारंवार लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि खरी गरज पडली की सोडते. ती बळेच रिकामी केली तर तीच माहिती डिस्कवरून पुन्हा वाचावी लागते. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. त्यातून मिळणारा वेग जाणवण्याइतका नसतो आणि चुकीची नोंद उडाली तर प्रणाली सुरूच होत नाही. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे करण्याचा सल्लाही असाच उलटा आहे. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने केलेल्या नोंदी त्यात असतात.

खरा वेग हवा असेल तर पेचकस हाती घ्यावा लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एखादा तुकडा शोधून वाचायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचते. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कपुढे ‘एचडीडी’ लिहिलेले आणि तिचा वापर सतत शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर निदान झालेच. चार जीबी रॅमची आठ आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, एवढ्या बदलाने दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा कामाला लागतो. सॉफ्टवेअरची कोणतीही युक्ती याच्या जवळपास येत नाही.

कीबोर्डच्या शॉर्टकटांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा थोडक्यात. शंभर शॉर्टकटांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. दिवसातून वीस वेळा जे करावे लागते तेवढ्याचाच शिकावा. माझ्या मते एका शॉर्टकटची तरी ओळख प्रत्येकाला हवीच: विंडोजची की आणि व्ही. २०१८ च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून विंडोज कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी लक्षात ठेवू शकते, पण ही सोय एकदा चालू करावी लागते. अर्ज भरताना नाव, पत्ता, आयएफएससी कोड एकामागून एक कॉपी करून ठेवायचे आणि हवे ते हवे तिथे चिकटवायचे. नेहमी लागणारा मजकूर ‘पिन’ केला की रीस्टार्टनंतरही राहतो. पासवर्ड मात्र या यादीत राहू देऊ नयेत, विशेषतः यंत्र अनेकजण वापरत असतील तर. पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपायला विंडोज, शिफ्ट आणि एस. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करायला विंडोज आणि एल. बारीक अक्षर मोठे करायला विंडोज आणि अधिकचिन्ह. ज्येष्ठांना हे शेवटचे आवर्जून दाखवावे.

आता मराठी. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड विंडोज २००० बरोबर आले. तेव्हा त्यात आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पंचवीस वर्षे झाली, तरी असंख्य मराठी कार्यालयांत मजकूर आजही युनिकोडपूर्व फाँटांत तयार होतो, कारण हातांना त्या मांडणीची सवय आहे आणि जुने डीटीपीचे काम त्यातच साठलेले आहे. अशा फाँटांत पडद्यावर ‘शेती’ दिसते, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक निरर्थक ओळ असते. म्हणून ‘शेती’ शोधले तर ती फाइल सापडत नाही, दुसऱ्या यंत्रावर फाँट नसेल तर कचरा दिसतो आणि अंध वाचकाचे स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. एखाद्या संस्थेला विंडोजकडून जास्तीचे काम हवे असेल तर तिने सगळ्या युक्त्या बाजूला ठेवून आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. त्यासाठीची परिवर्तक साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे आणि रफार मात्र नंतर डोळ्यांनी तपासावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे.

टंकनासाठी आज वेगळे सॉफ्टवेअर टाकण्याची गरज नाही. सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो आणि विंडोजची की व स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ही त्यात आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी उमटते. कधीमधी चार ओळी लिहिणाऱ्याला ते पुरेसे आहे. रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्ट शिकावे असे मी आग्रहाने सांगेन. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण म्हणून मांडलेली ही रचना वर्णमालेच्या तर्कावर उभी आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. ज्या कळीवर क त्याच कळीवर शिफ्टसह ख. ग बरोबर घ, त बरोबर थ, प बरोबर फ. बाराखडी ज्याला येते त्याच्या बोटांना ती थोड्याच आठवड्यांत सापडते. यंत्राने शब्द सुचवायचा आणि आपण निवडायचा, हा थांबा त्यात नसतो. शिवाय हीच मांडणी कन्नड, गुजराती, बंगालीलाही लागू पडते. टाइपरायटरची मांडणी हातात बसलेल्यांना हा बदल जड जातो. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र दुसरे काही शिकवण्याचे कारण मला दिसत नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये एक अडचण हमखास विचारली जाते: ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र कसा काढायचा? शिफ्टसह र ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य. ‘आचार्य’ मधला रफार साध्या र ने. हा फरक हाताला कळला की मजकुरातल्या कितीतरी चुका कमी होतात.

विंडोज १० मध्ये आणखी एक छोटा बदल झाला आणि त्याने अनेकांना गोंधळात टाकले. ‘मंगल’, ‘कोकिळा’, ‘अपराजिता’, ‘उत्साह’ हे फाँट आता सर्व यंत्रांवर आपोआप नसतात. नेहमीची देवनागरी ‘निर्मला’मध्ये दिसते. मंगलमध्ये मांडलेली जुनी पत्रके म्हणूनच नव्या लॅपटॉपवर वेगळी दिसतात आणि पाने सरकतात. सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फाँट घेतले की मांडणी पूर्ववत होते. मराठी भाषा जोडली असेल तर ते बहुधा आपोआपच उतरतात. रुपयाचे चिन्ह हवे असेल तर कीबोर्ड ‘इंग्रजी, भारत’ निवडावा आणि उजव्या ऑल्टसह ४ दाबावे. प्रदेश म्हणून भारत ठेवला की एक्सेलमध्ये स्वल्पविरामही लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात. हिशेबनीस माणसाचे डोळे दिवसभर ‘मिलियन’मध्ये अडखळत राहतात, ते या एका सेटिंगने थांबते.

संपूर्ण विंडोजच मराठीत दिसावे अशीही सोय आहे. तथापि भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते. तिच्यात पडद्यावरची भाषा बदलता येत नाही, टंकनाची भाषा जोडता येते. विकत घेतानाच हे पाहावे. मुद्रितशोधन करणाऱ्यांना एज ब्राउझरमधले ‘रीड अलाउड’ फार उपयोगी पडते. त्यात मराठी आवाज आहेत. लेख तिथे उघडून ऐकला की डोळ्यांनी तीनदा निसटलेली चूक कानाला लगेच खटकते. इंटरनेट हवे आणि मजकूर युनिकोड हवा, एवढ्याच अटी.

फाइल सापडण्याच्या बाबतीत विंडोजचा स्वतःचा शोध सुरुवातीला मोजक्याच फोल्डरांची अनुक्रमणिका करतो. डी ड्राइव्हवर सगळे काम ठेवणाऱ्याला म्हणून काही सापडत नाही. सर्च सेटिंगमध्ये ‘एन्हान्स्ड’ निवडले की पूर्ण यंत्र त्यात येते. सुरुवातीला ही अनुक्रमणिका तयार होईपर्यंत लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा. नुसते नाव शोधायचे असेल तर ‘एव्हरीथिंग’ हे छोटे मोफत साधन अतुलनीय आहे. ते डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवही थेट वाचते, त्यामुळे अक्षर टाइप होताहोताच उत्तर समोर असते. फाइलींची नावे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सुरू केली तर वर्णक्रम आणि कालक्रम आपोआप जुळतो. शेकडो फोटोंची नावे एकदम बदलायला मायक्रोसॉफ्टच्याच मोफत ‘पॉवरटॉइज’मध्ये ‘पॉवररिनेम’ आहे.

सुरक्षेकडे येताना एक सल्ला खोडून काढलाच पाहिजे: ‘अपडेट बंद करून टाका, नेट वाचते.’ मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक गंभीर छिद्र बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी वॉनाक्राय हे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअर त्याच छिद्रातून जगभर पसरले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आले. युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरमार्गे शिरलेल्या या हल्ल्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला जखडले आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तिथेही ते जुने छिद्र वापरले गेले होते, जोडीला इतर मार्गही होते. डेटाचा खर्च ही खरी अडचण आहे, पण तिच्यावर वेगळा इलाज आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून खूण केली की मोठी अपडेट थांबतात आणि घरच्या वाय-फायवर आली की उतरतात. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ ठरवले की कामाच्या वेळेत यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. ‘क्रॅक’ केलेले विंडोज किंवा ऑफिस टाकणे म्हणजे तर अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमला यंत्राचे सर्वाधिकार स्वहस्ते देणे. तो प्रोग्रॅम चालावा म्हणून संरक्षण बंद करायला सांगितले जाते, यातच सगळे आले.

एक साधे सेटिंग सगळ्यांनी आजच बदलावे. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून नावापुढची एक्स्टेन्शन दिसू द्यावीत. ती मुळात लपवलेली असतात. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ हा कृमी पसरला तो याच लपवालपवीच्या आधाराने: टीएक्सटीने संपणारे पत्र वाटावे असे नाव आणि त्यापुढे न दिसणारे व्हीबीएस. आज निमंत्रणपत्रिका, वीजबिल, कुरिअरची पावती या नावांनी येणाऱ्या फाइलींत हेच तंत्र आहे. पीडीएफ समजून उघडायला गेलेल्या नावाच्या शेवटी ईएक्सई दिसले तर हात आपोआप थांबतो.

बॅकअपबद्दल लोकांचा एक गैरसमज दिवसेंदिवस पक्का होत चालला आहे: मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, वनड्राइव्ह, आहे म्हणजे बॅकअप आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील तर यंत्रावर पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. कचरापेटीत ती साधारण तीस दिवस सापडते, नंतर नाही. मोफत जागा ५ जीबी. ती भरली की नवे काही चढत नाही, आणि ती सूचना बहुतेकजण न वाचता बंद करतात. दोन ठिकाणी सारखेच दिसणे ही झाली जुळवणी. बॅकअप म्हणजे आपल्या चुकीपासून अलिप्त राहिलेली प्रत. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, कंट्रोल पॅनेलमधली ‘फाइल हिस्टरी’ चालू करावी आणि डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावते. छायाचित्रे, प्रबंध, संस्थेचे हिशेब अशा गोष्टींची तिसरी प्रत दुसऱ्या घरात असावी.

आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, किल्ली. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या यंत्रांची डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध होते. चोरी झाली तर हे फार चांगले. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला तर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. तेव्हा दुरुस्तीसाठी सेफ मोडमध्ये जाताना अनेक ठिकाणी याच किल्लीपाशी काम अडले. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथून उतरवून कागदावर लिहावी आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

उरला प्रश्न विंडोज १० वरच अडकलेल्यांचा. वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग जुळवत ठेवली तर त्यासाठी पैसेही पडत नाहीत. ही मुदत विचार करायला वापरावी. त्यानंतर ज्या यंत्रावर ब्राउझर, पत्रलेखन आणि तक्ते एवढेच काम आहे, तिथे लिनक्स मिंटसारखी प्रणाली मला योग्य वाटते. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आल्या आहेत. आपल्याकडच्या शाळांना आणि ग्रंथालयांना ते अशक्य नाही. यूएसबीवरून चालवून पाहताना काही पुसले जात नाही, तेव्हा वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी इन्स्क्रिप्ट आधी तसेच तपासावे. टॅली, जुनी डीटीपी सॉफ्टवेअर आणि काही डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जिथे रोज लागतात, तिथे मात्र विंडोजच ठेवावे.

मराठी नावे दिलेल्या फाइली लिनक्सवर नेताना एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. विंडोज नावाला २५५ एककांची मर्यादा घालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात एक धरते. लिनक्सची नेहमीची फाइलव्यवस्था २५५ बाइट मोजते आणि तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण त्यात दहा चिन्हे आणि तीस बाइट आहेत. म्हणजे पंच्याऐंशी चिन्हांपुढची नावे तिकडे कॉपी होत नाहीत. सभेच्या इतिवृत्तांना पूर्ण ठरावाचे शीर्षक देण्याची पद्धत असलेल्या संस्थांनी ती नावे ‘पॉवररिनेम’ने विंडोजवरच छोटी करून घ्यावीत.